आधी भाग, मग हात

बारामतीच्या हिराआक्कांनी हाताशी धरलं नसतं, तर मी केव्हाच माझ्या गावाची, देगलूरची एसटी धरली असती.

आक्कांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. दाताला मिश्री, कपाळावर चष्मा, पुढ्यात मोटारीचं उघडं पोट. जळकी मोटार आली की आधी तिला हुंगायच्या, मग आणणाऱ्याला झापायच्या. "आधी भाग दे, मग हात दे!" भाग म्हणजे भागाकार, हात म्हणजे बटणाला हात.

मी इंदापूरकडं नदीकाठच्या एका पाणी संस्थेचा पंप चालवायचो. गावाकडं बोलायला एसटीडी बूथ गाठावा लागे तेव्हाची गोष्ट. पंपाशेजारच्या खोलीत नवाच संसार होता. पहिली मोटार जळाली तेव्हा चेअरमन तात्या म्हणाले, "दुसरी जळली तर बिस्तरा गुंडाळायचा."

ती जळकी मोटार घेऊन आक्कांकडं गेलो.

"भागाकार येतो का, पाव्हणं?"

"शाळा सातवीत सुटली, आक्का."

"मग येतोय की! त्यो चवथीत असतोय."

त्यांनी ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी पुढं ओढली. मोटारीत तीन गुंडाळ्या, तिघी सख्ख्या बहिणी. एकेकीला बॅटरी जोडायची, मीटरवर करंट बघायचा. व्होल्टला करंटनं भागलं की तिचा रोध, गुणलं की ती किती वॅट खाते ते. तिघी सारख्या, तर मोटार धड.

निघताना एक जुना मीटर पिशवीत टाकत म्हणाल्या, "मोटार पाणी फेकती तवा दिसतं कसं रं? आमचं समदं कोरड्यातलं काम. कवा बघितलंच न्हाय."

पुढच्या उन्हाळ्यात ऊस सुकायला लागला आणि स्टार्टर टिकेना. बटण दाबलं की पडायचा आणि मोटार बंद. तात्या आणि सभासद जमले.

"पाचर मार की स्टार्टरला, म्हंजी पडायचा न्हाय! लाईट जाईल आता," एक सभासद म्हणाला.

"थांबा," म्हणालो. गुंडाळ्या सुट्या केल्या, बॅटरी लावली. पहिलीला चार अँपिअर. दुसरीला चार. तिसरीला सहा.

"बघा, हिच्यात करंट जादा! हीच तर तगडी हाय," दुसरा म्हणाला.

तिकडं करंट म्हणजे ताकद. दिवा मंद झाला तरी 'करंट कमी हाय' म्हणायचे. क्षणभर मलाही तसंच वाटलं. मग भिंतीवर खडूनं भाग दिला. तीन, तीन, दोन. मग गुणलं: बारा चोक अठ्ठेचाळीस, बारा सक बहात्तर. एका बहिणीचा रोध घटलेला आणि खाणं वाढलेलं. म्हणजे आत तारेला तार चिकटलेली.

"तात्या, चालू केली तर जळेल."

"आन् न्हाय केली तर ऊस जळंल! तुझ्या बापाचा हाय व्हय?"

खोलीच्या दारात बायको उभी होती. मी पंपघराची किल्ली कमरेला खोचली. "बिस्तरा गुंडाळतो. पण बटण दाबणार नाही."

तात्यांनी मोटार ट्रॉलीत घातली, मलाही वर चढवलं. "बघू तुझी आक्का काय म्हणतीया."

आक्कांनी मोटार खोलली. तिसऱ्या गुंडाळीत नखाएवढा काळा डाग, तारा एकमेकींत वितळलेल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तात्या, पाचर मारली असती तर आज राख घिऊन आला असता. पाव्हण्याला जपा."

ऊस थोडा सुकला, पण जगला. बिस्तरा अजून तिथंच पसरलेला आहे.

आक्कांचे गुडघे आता धरलेत, दुकानाची पायरीही उतरवत नाही. तरी एक दिवस ट्रॉलीत गादी टाकून त्यांना नदीवर आणणार आहे. बटण त्यांनीच दाबायचं. भाग मी आधीच देऊन ठेवीन.