माळवदावरची माती

मागच्या वैशाखात मी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचं डोकं फोडलं. आमच्या आखाड्याच्या माळवदावर, भर दुपारी, फावड्याच्या दांड्यानं.

आखाडा म्हणजे शेतातलं घर. आमचा चाकूरजवळ आहे. तिथं आधी कुडाचं घर होतं, ते रझाकारांनी जाळलं. आजोबा असे पेटले की त्याच जागी त्यांनी दगडमातीच्या दोन हात रुंद भिंती घातल्या, किनवटच्या जंगलातून सागाच्या तुळया आणल्या आणि वर माळवद टाकलं, म्हणजे लाकडांवर मातीचं सपाट छत. ते गळू नये म्हणून दरवर्षी मृगाआधी त्यावर पांढरी माती टाकून चोपायची. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली. जुनी काढायचं कुणाला सुचलंच नाही. नवी पडली की आखाडा जपला, एवढंच आम्हाला कळत होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात जिल्ह्यातली माणसं असल्याच माळवदांखाली झोपेत चिरडून मेली. आमचं टिकलं. वडिलांची छाती फुगली आणि त्या वर्षी त्यांनी दुप्पट माती टाकली.

वडील गेल्यावर ते काम मी अंगावर घेतलं. राहते मी लातुरात, फ्लॅटमध्ये. आखाड्यावर भाऊ, भावजय आणि जनावरं. दर वैशाखात ट्रॉलीभर माती घेऊन जायचं, सगळ्यांवर खेकसायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. भावाला मी कधी विचारलं नाही. त्याला काय कळतंय, अशीच माझी समजूत.

त्या दुपारी पोचले तर हा वर उभा राहून माती खरवडून खाली फेकत होता. वडिलांच्या हातची माती उकिरड्यावर! माझं टाळकंच सरकलं. तशीच शिडीवरून वर गेले.

“खाली उतर! बापानं टाकलेली माती हाय ती.”

“अक्का, लई वजन झालंय. तुळया करकरायल्यात.”

“तुला पाडायचंच हाय हे घर.”

“न्हाई पाडायचं. वझं काढून वर पत्रे टाकतो. भिंती वाचतेत.”

“पत्रे? गोठा करायलास व्हय आखाड्याचा?”

“तू शिमिटाच्या सलाबखाली झोपतीस,” तो ओरडला, “हिथं खाली आम्ही झोपायलोत!”

मी फावडं हिसकायला गेले. त्यानं माझं मनगट पिरगाळलं, मी त्याच्या हाताला कडकडून चावले. फावडं त्याच्या हातून सुटलं आणि मी दांडा फिरवला. तो त्याच्या कानशिलाच्या वर बसला. बघता बघता त्याचा सदरा लाल झाला. खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं.

भावजय धावत वर आली. पदर फाडून जखम बांधली आणि त्याला धरून खाली नेलं. मी पाणी आणायला म्हणून मागोमाग आतल्या खोलीत शिरले. वडील गेल्यापासून मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं, माझा सगळा कारभार छतावरच. आत प्रत्येक तुळईखाली बाभळीचे टेकू ठोकलेले होते. खाट पार दाराच्या उंबऱ्याला लावलेली होती.

“वर वाजलं की पळता यावं म्हून,” भावजय म्हणाली. “लई वर्सं झाली असं झोपायलोत.”

“मग मला सांगायचं न्हाई का?”

“तुम्ही आईकता व्हय, अक्का?”

दरवर्षी मिरवत मिरवत मी त्यांच्या उरावर माती रचत आले होते.

चाकूरच्या दवाखान्यात टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा भाऊ म्हणाला, “माळवदाचं लाकूड पडलं डोस्क्यात.”

दुसऱ्या दिवशीपासून मी स्वतः वर चढून माती काढली. हाताला फोड आले, फुटले. मांडीइतका थर निघाला. आता वर पत्रे आहेत आणि आजोबांच्या भिंती शाबूत आहेत.

भावाच्या डोक्यावरची खूण बघून पाहुणे अजून विचारतात आणि तो तेच लाकडाचं सांगतो. मी शेजारीच बसलेली असते. त्या घरानं आजवर कुणाच्या अंगावर काडी पडू दिली नाही, आणि आळ मात्र घरावर. लाज वाटते, तरी मी तोंड उघडत नाही.