उशाकडची जागा

सोयाबीन काढणीच्या दिवसांत वाशीमच्या हवेला भुशाचा कोरडा, किंचित गोडसर वास असतो. यंदा माझ्या खोलीत मात्र त्याला शिरकाव मिळत नव्हता, कारण तिथे नव्या प्लायवुडचा आणि पॉलिशचा वास आधीच ठाण मांडून बसला होता. बायको गेल्यावर कामरगावचं घर पुतण्याच्या स्वाधीन करून, दवाखाना आणि वाचनालय या दोनच आधारांवर मी इथे एका खोलीत राहायला आलो आणि रिठदच्या एका सुताराकडून ‘बहुउद्देशीय’ फर्निचर करून घेतलं. दिवसा सोफा, सोफ्याच्या पोटात गोधड्या, भिंतीवरून खाली येणारी फळी म्हणजे टेबल, आणि सगळं उलगडलं की दोन माणसांचा पलंग. आमच्याकडे ज्या संस्थेला एकही उद्देश सापडत नाही तिच्या पाटीवर ‘बहुउद्देशीय’ लिहितात, हे जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाने विसरायला नको होतं. पण सुतार ते उघडून दाखवत होता तेव्हा मी पुलाचं उद्घाटन पाहावं तसा बाजूला उभा होतो. टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या.

एकट्याला दोघांचा पलंग कशाला, हे सुताराने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सुखदेवचं नाव सांगितलं असतं. सुखदेव माझा गावचा बालमित्र. त्याच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वाशीमला व्हायची होती, आणि नंतरचे आठ दिवस त्याने माझ्याकडेच राहायचं, असं मी फोनवर त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. आठ दिवस घरात दुसऱ्या माणसाचा खोकला ऐकू येईल, एवढ्या कल्पनेवर मी दोन नवे कप आणले होते.

खरं तर अनेक कामांचं एकच फर्निचर आमच्या अंगणात पूर्वीही होतं. अंबाडीच्या दोरीने विणलेली बाज. तिच्यावर कुरडया वाळत, मिरच्या वाळत, ताप आलेलं माणूस निजे आणि त्याच्या पायथ्याशी आणखी दोघं-तिघं बसून बोलत. फक्त तिच्यावर कोण कुठे बसणार हे ठरलेलं असे. मानाचा पाहुणा उशाकडे, घरचा माणूस पायथ्याशी. आणि सुखदेवचे वडील आमच्याकडे आले की जमिनीवर. बाज रिकामी असली तरी जमिनीवर. त्यात काही खटकण्यासारखं आहे हे तेव्हा मला कळत नव्हतं, असं मी आज म्हणतो. कळून घ्यायचं नव्हतं, हे जास्त खरं. सुखदेव मॅट्रिक पास झाल्यावर पेढे घेऊन आला, तेव्हा माझ्या आईने बाजेवरचं मिरच्या पसरलेलं धोतर एका हाताने ओढून बाजूला केलं आणि म्हणाली, “इकडं उशाकडं बस, बापा.” तो बसला. अगदी कडेला, जणू दोरी दुखावेल. मी पायथ्याशी बसलो होतो. त्या दुपारचं ऊन अजून माझ्या डोळ्यांपुढून हललेलं नाही.

शस्त्रक्रिया करून, काळा चष्मा लावून सुखदेव दुपारी आला. सोफ्यावर बसला, फळीवर चहा झाला. “काय गा मास्तर, भिंतीतूनच टेबल काढतं का तू?” म्हणून हसलाही. मग त्याला आडवं व्हायचं होतं. मी म्हटलं, “उठ जरा.” कप ओट्यावर गेले, फळी भिंतीवर गेली, गाद्या खाली आल्या, आणि अर्ध्यावर पलंगाची सरकती चौकट अडकली. मी टेप लावून सगळी खोली मोजली होती, पलंग उघडताना पाहुणा कुठे थांबेल ते सोडून. सुखदेव स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, पिशवी खांद्याला, कारण ती ठेवायलाही जमीन उरली नव्हती.

“थांब गा, निघूनच राह्यलं ते,” मी दोन-तीनदा म्हणालो.

“राहू दे ना बाप्पा. मी टेकलो का तुले उठा लागते, तू निजला का मले उभं राहा लागते,” तो म्हणाला. “माह्या इथल्या पुतणीकडं जातो. तिथं सतरंजी टाकली का झालं.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला समजूत तरी घालता आली असती. पुतणीचा नवरा मोटरसायकल घेऊन आला, आणि सुखदेव जिना चाचपत उतरला. मी हात धरला होता. खाली पोचल्यावर त्याने तो हलकेच सोडवला. त्याचे वडील आमच्या अंगणात जमिनीवर बसत. मी त्याला माझ्या घरात उभं ठेवलं.

संध्याकाळी चौकट आपोआप सरकली. काही वस्तूंना शहाणपण वेळ टळल्यावरच येतं, याबाबतीत त्या आपल्यासारख्याच.

आज त्याची डोळ्याची तपासणी आहे. “जमलं तं येईन,” एवढंच तो फोनवर म्हणाला आहे. त्या दिवसापासून पलंग मी मिटलेला नाही. खोलीत आता चालायला वाट नाही, जेवण ओट्याशी उभ्याने होतं, आणि त्या फर्निचरला आता एकच काम उरलं आहे. खिडकीतून तिरकं ऊन आत आलं आहे, भुशाचा वासही. या पलंगाला उसं कुठलं आणि पायथा कुठला, हे सुताराने ठरवलंच नव्हतं; मी खिडकीकडच्या टोकाला उशी ठेवली तेव्हा ते ठरलं.

मी दुसऱ्या टोकाला बसलो आहे.