झुलीवरचे उलटे पोपट

आमची बैलजोडी विकली त्या वर्षी आईने पोळ्याच्या झुली पेटीत घातल्या आणि पेटीला कुलूप लावलं. आमच्या फोपनार गावात केळीच्या शेतातली कामं तोवर ट्रॅक्टरवर गेली होती. पुढे एका राष्ट्रीय कलासंग्रहालयाची माणसं जुनं भरतकाम शोधत गावात आली, तेव्हा तिने कुलूप काढून दोनातली चांगली झूल देऊन टाकली. लाल कापडावर दोन्ही बाजूंना हिरव्या पोपटांच्या रांगा, तीन उन्हाळे खपून भरलेल्या. आईच्या हाताचं गावात नाव होतं आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं.

संग्रहालयात झूल मांडल्याचं कळलं तशी आईने बुधवाऱ्याच्या बाजारातून नवी साडी आणली आणि आम्ही रेल्वेने निघालो.

दालनात झूल काचेमागे भिंतीवर सपाट ताणली होती. आईचा चेहराच पडला. खालचे पोपट सरळ होते, वरचे सगळे डोक्यावर उभे. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘कारागिराची मनमौजी रचना’.

झूल बैलाच्या पाठीवर पडते, अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे. दोन्हीकडून पोपट सरळ दिसायचे तर भरताना त्यांची डोकी पाठीच्या कण्याकडेच ठेवावी लागतात. आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही.

“लोक म्हनतील, बाईले सीधा पोपट भी जमत नव्हता,” आई म्हणाली. “एवढ्या दूर आनून माही इज्जत काढली.”

मी सिंधीपुऱ्यातल्या शाळेत मास्तर. मुलांच्या चुका रोज काढतो, पण साहेबलोकांच्या काढायची छाती नाही. मी म्हटलं, जाऊ दे. आईने मला बाजूला सारलं आणि दालनाच्या मॅडमना गाठलं.

“बेटा, इसमें बैल किधर है?”

मॅडम गोंधळल्या. आई माझ्याकडे वळली. “वाक.”

“आई, लोक बघताहेत.”

“वाक म्हनते ना!”

चाळिशी उलटलेला मी, त्या चकचकीत फरशीवर गुडघे-हात टेकून बैल झालो. आईने अंगावरची शाल माझ्या पाठीवर टाकली, दोन्हीकडे सारखी केली आणि पोपटांची डोकी कुठे येतात ते बोटाने दाखवलं. “देखो, इधर भी सीधा, उधर भी सीधा.” शाळेतलं कुणी तिथे नव्हतं, हे माझं नशीब.

मॅडम हसल्या नाहीत. वाकून माझ्या दोन्ही बाजूंनी फिरल्या, मग आईचा हात धरून म्हणाल्या, “माँजी, ग़लती हमारी है.” त्या वाक्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. गोड बोलून आम्हाला वाटेला लावणं त्यांना किती सोपं होतं!

काही महिन्यांनी त्यांनी फोनवर फोटो पाठवले. बैलाच्या पाठीसारखा लाकडी साचा, त्यावर आमची झूल आणि दोन्हीकडचे पोपट सरळ. सोबत दुसऱ्या एका पांघरुणाचा फोटो होता, दूरदेशीच्या घोड्याचं. तेही वर्षानुवर्षं सपाट टांगलेलं. त्यावरची अर्धी हरणं उलटी दिसत, तर ती तिकडची शैलीच असावी असं सगळे धरून चालले होते. आता तेही साच्यावर चढवलं होतं आणि सगळी हरणं सरळ झाली होती. मॅडमनी लिहिलं होतं, हे माँजींमुळे झालं.

आपले पोपट आईने एकदा पाहिले आणि मान डोलावली. ती हरणं मात्र बोटांनी मोठी करून कितीतरी वेळ बघत बसली. मग डोळे पुसत म्हणाली, “हे भरनाऱ्या बाईले आता कोन सांगंल रे?”