अडकलेली हाक

चालू गाडीचं चाक बदलायची मला खोडच आहे. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मे महिन्याची दुपार, खाली रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. माझ्या कम्प्युटरवर एकीकडे लिनक्सचं, म्हणजे तो चालवणाऱ्या यंत्रणेचं, अपडेट चाललं होतं आणि त्याच मशीनवर मी दादांचं रेकॉर्डिंग साफ करत बसले होते. एक काम संपू द्यावं, मग दुसरं घ्यावं, हे मी सगळ्यांना सांगते, स्वतः कधी ऐकत नाही.

दादा म्हणजे माझे वडील. सांगोल्याकडच्या माळावर त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. ते गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी त्यांना मोबाइलसमोर बसवून बोलतं केलं होतं. तो मोबाइल पुढे कायमचा बंद पडला. त्यांचा आवाज आता जगात एवढ्या एका फाइलमध्ये होता, आणि एवढी शिकलेली मी, तिची दुसरी प्रत ठेवली नव्हती. आईनं तर ते अजून ऐकलंही नव्हतं. वारा आणि मेंढरांचा गलका काढून वर्षश्राद्धाला तिला ऐकवायचं, असा माझा बेत होता.

बोलता बोलता दादा मध्येच चहासाठी आईला हाक मारतात. मागचा वारा मी काढून टाकला होता, त्यामुळे ती हाक आमच्याच खोलीतून आल्यासारखी वाटली. "आगं ए!" आणि पडदा गोठला. माउस हलेना. वरच्या पट्टीतलं घड्याळही थांबलं. आवाज मात्र तिथंच अडकला. "आगं ए!" जराशी शांतता. "आगं ए!" तोच सूर, तीच धाप. मग सगळं गप्प झालं.

आतल्या खोलीतून आई म्हणाली, "ओ. आले की."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आम्हा मेंढरांमागे फिरणाऱ्यांत भर दुपारी पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. पोरांना हे बोलायला लागल्या लागल्या शिकवतात. माणूस असेल तर तो तीनदा हाक मारतो. माणूस नसेल ते एकदाच मारतं, आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं. आई आत पडल्या पडल्या हाका मोजत होती.

ती पदर सावरत दारात आली. "कुटं हायती?"

"रेकॉर्डिंग हाय, आई. मशीन अडकलंय."

"मग त्येंना सोडव की."

मी कंट्रोल, आल्ट आणि एफ थ्री एकदम दाबलं. एरवी त्यानं काळा पडदा येतो आणि तिथून अडकलेलं काम बंद करता येतं. काही आलं नाही. उरलं पॉवरचं बटण, पण ते दाबून धरलं तर उघडी फाइल राहील की जाईल, सांगता येत नव्हतं. मला भीती वाटली. दादांना दवाखान्यात नेताना वाटली होती तशी. आई खुर्चीला धरून माझ्या मागे उभी होती. मी बटण दाबून धरलं आणि मशीनचा पंखा थांबला.

पुन्हा चालू केलं तर मशीननं अर्ध्यावर मान टाकली. अपडेटमधून आलेला नवा कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, त्याला झेपत नव्हता. पण लिनक्स जुना कर्नल टाकून देत नाही. सुरुवातीलाच येणाऱ्या यादीतून मी तो निवडला. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरकत गेल्या आणि डेस्कटॉप उघडला. फाइल जागेवर होती. मला रडूच आलं.

हेडफोन लावून आधी मी एकटीनं ऐकलं. माझी साफसफाई वाया गेली होती, वारा आणि मेंढरं परत आली होती. दादांची हाक आली. एकदाच. मग ते हसले आणि मला म्हणाले, "ऐकंना. झोपली जणू."

आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तीनदा मारली न्हवं हाक?"

"व्हय," मी म्हणाले. "तीनदा."

"मग बरं," म्हणत ती चहा ठेवायला गेली.

तेव्हापासून दुपारी मी तिला एकटीला झोपू देत नाही.