आधी बुटांचे तळवे दाखवा

भोईर मॅडमची आणि माझी ओळख माझ्या मोज्यामुळे झाली. कल्याणच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला मी उशिरा, धापा टाकत पोचले होते. आंबिवलीला आमच्या घरापासून स्टेशनपर्यंतची वाट तेव्हा शेताच्या बांधावरून जायची. मॅडमनी मला दारातच अडवलं आणि म्हणाल्या, "पाय वर कर." चिखलावरून बोलणी बसणार असं मी धरून चालले. त्यांनी चिमट्याने माझ्या मोज्याला चिकटलेलं बी अलगद काढलं, सगळ्यांना दाखवलं आणि विचारलं, "हा आघाडा आंबिवलीहून तुझ्याबरोबर आलाय. याचं तिकीट काढलं होतंस का?" वर्ग हसला, मीही हसले, आणि त्या दिवसापासून मी त्यांची झाले ती आजतागायत.

प्रा. इंदुमती भोईर यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या कामाविषयी लिहायचं तर एका बेटाविषयी लिहायला हवं. कोकणच्या किनाऱ्यापासून होडीने थोड्याच अंतरावर असलेलं हे लहानसं कातळाचं बेट. त्याचं नाव इथे मुद्दामच देत नाही. मॅडमची सक्त ताकीद आहे की नाव छापून आलं, की पुढच्या रविवारी लोक चटया आणि डबे घेऊन पोचतील. वर्षातले आठ महिने तिथे बघण्यासारखं काही नसतं. पावसाळ्यात मात्र खडकाच्या खळग्यांत जेमतेम चिमूटभर माती भिजते आणि त्यातून बोटभर उंचीची निळसर फुलांची रोपं वर येतात. दिवाळीपर्यंत ती सुकून नाहीशीही होतात. त्या बेटाबाहेर ती कुणालाही सापडलेली नाहीत. अशा झाडांना आपल्याकडे प्रदेशनिष्ठ म्हणतात. मॅडमनी उभी हयात या झाडांपायी घालवली. ती कशी रुजतात, त्यांच्यावर कोणती माशी येते, कोणत्या खळग्यात टिकतात आणि कुठे मरतात, हे आज जे काही माहीत आहे ते त्यांच्यामुळे.

मॅडम मूळच्या बाळकुमच्या. लहानपणी ज्या शेतात त्यांनी भाताची रोपं लावली, आवणी केली, त्याच जागेवरच्या इमारतीत त्या आता आठव्या मजल्यावर राहतात. एकदा मी म्हटलं, "मॅडम, वाईट वाटत असेल ना?" त्या म्हणाल्या, "वाटतं की. पण आमच्या त्या वाणाचं भात अजून मुरबाडला पिकतंय, तिथून आणून खाते मी. बेटावरच्या झाडाला दुसरीकडे कुणी नाही गं. तिथून गेलं म्हणजे जगातून गेलं." प्रदेशनिष्ठ म्हणजे काय, हे मी शाळेत मुलांना आजही याच शब्दांत शिकवते.

त्यांच्या सहलींना येणाऱ्याने एक जुना टूथब्रश आणायचाच, असा नियम होता. होडीत बसण्याआधी धक्क्यावर सगळ्यांनी बुटांचे तळवे घासायचे, मोजे उलटे करून झटकायचे, पिशव्यांचे कोपरेसुद्धा बघायचे. मग मॅडम रांगेतून फिरत तपासणी करायच्या. "लग्नात नवऱ्यामुलाचे पाय धुतात ना, तसं समजा," म्हणायच्या. आम्ही मागे खुसुखुसु हसायचो. मग एका वर्षी बेटावर होडी लागते तिथेच गाजर गवताची रोपं उगवलेली दिसली. कुणाच्या तरी बुटातून आली असणार. मॅडमनी ती मुळासकट उपटली, पिशवीत बांधली आणि परतीच्या होडीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. त्यानंतर तळवे घासताना आम्ही हसलो नाही.

माझ्यावर त्यांचे वैयक्तिक उपकारही आहेत. लग्नानंतर मी विठ्ठलवाडीला चाळीत राहायला गेले आणि एमएस्सी मागे पडणार अशी लक्षणं दिसू लागली. मॅडम एका संध्याकाळी घरी आल्या. माझ्या शिक्षणाचं नावही काढलं नाही. सासूबाईंनी मोरीच्या पाण्यावर वाढवलेल्या अळूपाशी बसल्या, त्याच्या जाती विचारल्या, वडीची कृती लिहून घेतली. पुन्हा आल्या त्या स्वतः केलेल्या वड्या घेऊन. वड्या बिघडल्या होत्या. सासूबाईंनी त्या मन लावून सुधारून दिल्या. तिसऱ्या खेपेला सासूबाईच म्हणाल्या, "बाई, हिला त्या परीक्षेला बसवा. एवढं शिकलेल्या तुम्ही, आणि अळूची विचारपूस करता. हिलाही येऊ दे थोडं." वड्या मुद्दाम बिघडवल्या होत्या का, हे मी मॅडमना बरेचदा विचारलं. त्या विषय बदलतात.

आता गेल्या वर्षीची गोष्ट सांगायलाच हवी. अमृतमहोत्सव समितीचे अध्यक्ष वसंतराव गायकवाड मॅडमचे जुने विद्यार्थी. आंबिवलीला त्यांची मोठी नर्सरी आहे आणि मनही तेवढंच मोठं. ठाण्यात झालेल्या पहिल्या बैठकीत त्यांनी जाहीर केलं, "मॅडमचं बेट उघडंबोडकं आहे. आपण तिथे वृक्षारोपण करू. रोपं माझ्याकडून." आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडम मात्र पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसल्या. निघताना जिन्यात मला म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवलं, आणि माझ्याच मुलांना ती जागा रिकामी दिसली. माझे गुडघे हे असे. माझ्यानंतर कोण बघेल गं तिकडे?" त्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पण रागावणं हा त्यांचा मार्ग नाही. नारळी पौर्णिमा होऊन होड्या सुरू झाल्यावर त्यांनी वसंतरावांना फोन केला, "चला, झाडं लावायची तर आधी जागा बघू." बेटावर त्यांनी वसंतरावांना कातळावर पालथं झोपायला लावलं आणि हातात भिंग दिलं. अध्यक्ष महाशय बराच वेळ उठेनात. अखेर मान वर करून म्हणाले, "सुंदर आहे हो. पण मॅडम, याचा उपयोग काय? औषध वगैरे होतं का?"

"वसंता, तुझा काय उपयोग आहे?" मॅडमनी विचारलं. आम्ही सगळे हसलो, वसंतराव सगळ्यांत जास्त. मग त्या त्यांच्याजवळ खडकावर बसल्या आणि समजावू लागल्या. या चिमूटभर मातीला ही मुळंच धरून आहेत. ती गेली तर माती समुद्रात जाईल, आणि या फुलांवर येणारी माशीही जाईल. औषध निघेल की नाही, हे आपल्याला अजून ठाऊक नाही. पण तपासायच्या आधीच मारून टाकलं तर कधीच कळणार नाही. "आणि तू इथे वड-पिंपळ लावलेस, तर सावलीत ही पोरं उगवणार नाहीत. तुझ्या पिशव्यांतल्या मातीबरोबर आणखी काय काय येईल ते वेगळंच. डोंबिवलीत गुलमोहर पडला तर दुसरा मिळतो रे. याला दुसरा नाही." धक्क्यावर उतरल्यावर वसंतराव एवढंच म्हणाले, "माझी रोपं कल्याण-डोंबिवलीच्या शाळांना देतो. तिथे सावली हवीच आहे." आणि शब्दाला जागून त्यांनी ती दिली.

यंदा हिवाळ्यात मॅडमच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. नारळी पौर्णिमेनंतर आम्ही निघालो तेव्हा डॉक्टरांनी किनाऱ्यापर्यंतचीच परवानगी दिली होती. काठी टेकत, माझा हात धरत त्यांना गाडीपासून धक्क्यापर्यंत यायला बराच वेळ लागला. पोचलो तर सगळी मंडळी ओळीने बसून बुटांचे तळवे घासत होती. कुणी सांगितलं नव्हतं. वसंतराव घासून झालेल्यांची तपासणी करत फिरत होते आणि एकाला दटावत होते, "मोजे उलटे कर. तिथे काय नेतोयस, माहीत आहे का तुला?"

मॅडम तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच माझ्या हातावर थोपटून म्हणाल्या, "आता मी नाही आले तरी चालेल."

होडी गेली आणि फुलं बघून परत आली. मॅडम तोवर धक्क्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. वसंतरावांनी त्यांना फोटो दाखवले. त्या प्रत्येक खळगा ओळखत होत्या.

मॅडम, तुमचं ते वाक्य मात्र आम्हाला मान्य नाही. चालणार नाही. तुमचे गुडघे लवकर बळकट होवोत, प्रकृती ठणठणीत राहो, आणि शंभरीचा सोहळाही आम्हालाच करायला मिळो. पुढच्या वर्षी धक्क्यावर वाट बघतो. टूथब्रश आमचे आम्ही आणू. तळवे तेवढे तुम्ही तपासा.