चिंधी बांधलेलं वांगं

नेकनूरच्या आठवडी बाजारात एक बाई वांगी विकायची. तिचं नाव मी विचारलं नाही. माझ्या फॉर्ममध्ये वांग्याच्या नावाला रकाना होता, तिच्या नावाला नव्हता. गावरान वाणांचं बी जमवून संशोधन केंद्रात जतन करायचं, ही माझी नोकरी. तिच्याकडची काटेरी, हिरव्या रेघांची, चांगली कोवळी वांगी मी निवडून नेली, बी काढून पेरलं. एकही उगवलं नाही. अहवालात लिहिलं, 'स्थानिक बियाणं निकृष्ट. शेतकऱ्यांना प्रशिक्षणाची गरज.'

पुन्हा गेलो तेव्हा तिला हे सांगितलं. तिनं तोंडाला पदर लावला.

"सायब, लेकराला कुठं लेकरू होतंय व्हय?"

बाजार उठल्यावर तिनं मला शेतात नेलं. एका झाडावर पिवळं पडलेलं, सुरकुतलेलं वांगं होतं. देठाला लुगड्याची चिंधी.

"पैलं चांगलं फळ बियाला. चिंधी दिसली की घरचं कुणी हात लावत न्हाई."

प्रशिक्षण मंजूर झालं. शिकवायला मीच. पडद्यावर चिंधीचं वांगं दाखवलं, तेव्हा पहिल्या रांगेतून ती शेजारणीला म्हणाली, मला ऐकू येईल इतपत हळू, "शिकलं गं लेकरू."