अर्धी दाढी

त्या सलूनमध्ये हवेबद्दल कुणाचंच कधी चुकत नसे. गिऱ्हाईक खुर्चीत बसून म्हणालं, "आज फार उकडतंय," की सलूनवाला पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळवत म्हणे, "विचारू नका, अंगाची नुसती लाही होतेय." ते उठून गेलं की त्याच खुर्चीत दुसरं बसे आणि म्हणे, "आज जरा बरंय, वारा सुटलाय." सलूनवाला पंखा बंद करून म्हणे, "सकाळपासून मी तेच म्हणतोय, काय झुळूक आहे." दोन्ही वेळा तो अगदी मनापासून बोलत असे, ही त्यातली खरी गंमत. मित्रांनी त्याचं नाव होयबा ठेवलं होतं, आणि ते त्यालाही मान्य होतं हे वेगळं सांगायला नको.

त्याचं म्हणणं एवढंच, की हातात वस्तरा असलेल्या माणसाने वाद घालू नये. गालावर पातं असताना 'छे, तसं नाही' म्हटलं तर समोरचा मान वळवतो, आणि मान वळली की रक्त निघतं. वडिलांनी त्याला धंदा शिकवला तेव्हा आधी हे शिकवलं होतं, कात्री धरायची कशी ते नंतर. त्यामुळे दुकानात त्याने उभ्या जन्मात कुणाला 'नाही' म्हटलेलं नव्हतं. दिवसभर साठलेले सगळे 'नाही' तो संध्याकाळी घरी घेऊन जाई. भाजीत मीठ बरोबर पडलंय का, असं बायकोने विचारलं तरी 'नाही' म्हणे आणि तीच भाजी दुसऱ्यांदा वाढून घेई. "तुमच्या गिऱ्हाइकांना एकदा घरी जेवायला बोलवा," बायको म्हणायची, "म्हणजे कळेल त्यांना तुम्ही कोण आहात ते."

सलूनच्या एका अंगाला घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि दुसऱ्या अंगाला बेकरी. घड्याळजी हा हडकुळा, नाकावरचा चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधणारा माणूस. बायको गेल्यापासून दुकानाच्या वरच्या खोलीत एकटाच राहायचा. बेकरी ज्याची होती तो या दोघांचा जिवलग, तोही गेला होता, आणि आता भट्टी त्याची बायको सांभाळायची. तिला दोघेही वहिनी म्हणत. ती त्यांना 'तुम्ही दोघे रिकामटेकडे' म्हणे.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की तिघांची बैठक सलूनमध्ये बसे. घड्याळजी हक्काने गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, होयबा बाकावर, आणि वहिनी दारात उभी, कारण तिथून तिला भट्टीवरच्या कारागिराकडे डोळे वटारता येत. विषय ठरलेले. ऊन कधी उतरणार, पलीकडच्या ओढ्याला पाणी आहे का, चौकातलं झाड यंदा लवकर का झडलं. आणि हे सगळं बोलून झालं की होयबाची फिरकी.

"थंडी वाजतेय बुवा," घड्याळजी म्हणे.

"बोचरी आहे," होयबा म्हणे.

"कसली थंडी? मला घाम फुटलाय," वहिनी दारातून म्हणे.

होयबाची त्रेधा उडे. तो एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. "तसं बघितलं तर खुर्चीत गार आहे आणि दारात गरम आहे."

"आणि बाकावर?" घड्याळजी विचारी.

"बाकावर मी आहे. मला काय, तुम्ही म्हणाल तसं."

मग दोघं पोट धरून हसत. होयबालाही हसू येई. गावात त्याला शेकडो लोक ओळखत होते, आणि त्या सगळ्यांशी त्याचं एकमत होतं. पण त्याची टर उडवणारी माणसं दोनच होती, आणि त्याला तेवढीच आपली वाटत. हे तो कुणाला बोलला नव्हता.

एका तापलेल्या दुपारी घड्याळजी तोंडाला फेस लावून बसला होता. होयबाचा वस्तरा त्याच्या हनुवटीखाली होता. डोळे मिटूनच घड्याळजी म्हणाला, "लेक म्हणतेय, आता तिकडेच या राहायला. कायमचे. डोंगराच्या उतारावर घर आहे तिचं. जावं म्हणतो."

आणि होयबाचं तोंड आपोआप चालू झालं.

"जायलाच पाहिजे," तो म्हणाला. "इथे काय ठेवलंय? धूळ आणि ऊन. तिथली हवा म्हणजे काय सांगू तुला, सकाळी दार उघडलं की धुकं सरळ घरात येतं, पाहुण्यासारखं. समोर दरी. दरीत ढग. आपण वर, ढग खाली. ऊन पडलं तरी कसं, कोवळं. लोक तिथे जाऊन दहा वर्षांनी तरुण होतात."

डोंगर होयबाने आयुष्यात एकच पाहिला होता, आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर होता. बाकी सगळा माल गिऱ्हाइकांकडून ऐकलेला. पण वस्तरा चालू असला की त्याच्या जिभेलाही धार चढे. घड्याळजी डोळे मिटून ऐकत राहिला. तोंड पुसून उठला तेव्हा म्हणाला, "ठरलं तर मग. पावसाळा सरला की निघतो. खरं सांगू? माझं मन होत नव्हतं. तू एवढं म्हणालास म्हणून."

तो गेल्यावर होयबा आपल्याच खुर्चीत बसला. वहिनीने दारातून सगळं ऐकलं होतं.

"शाबास," ती म्हणाली. "धोंडा मारून घेतलात पायावर. तुमच्या मारलात तो मारलात, माझ्याही."

"आता?"

"आता मला काय विचारता? जा आणि सांगा त्यांना, की जाऊ नका."

ते होयबाला जमणार असतं तर ही गोष्टच झाली नसती. त्याने दुसरा मार्ग काढला. समोरासमोर नाही म्हणायचं नाही, पण डोंगराची अशी काही निंदा करायची की घड्याळजीनेच बेत सोडून द्यावा. वहिनीलाही त्याने कटात घेतलं. पावसाचे चार महिने दोघं मिळून त्या बिचाऱ्या डोंगराची बदनामी करत होते.

"तिकडे म्हणे आठवडा आठवडा ऊन दिसत नाही," वहिनी सुरुवात करी.

"बरंच की," घड्याळजी म्हणे. "माझ्या डोळ्यांना उन्हाचा त्रासच होतो."

"कपडे वाळत नाहीत. ओलेच घालावे लागतात," होयबा म्हणे.

"माझे आहेतच किती."

"दमट हवेने घड्याळांना गंज चढतो हो," वहिनीने एकदा हुकमाचं पान टाकलं.

घड्याळजीचे डोळे चमकले. "काय सांगता? म्हणजे तिथे माझ्या हाताला काम आहे."

होयबाने कपाळावर हात मारला. या माणसाला उपाशी राहावं लागेल म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, वैद्यांनी तेच सांगितलंय.

पाऊस सरला. घड्याळजीने दुकान आवरायला घेतलं, लोकांची घड्याळं ज्याची त्याला पोचती केली. तिकडून लेकीचा फोन आला, की खोली रंगवून ठेवलीय, खिडकी दरीकडे आहे. इकडे बायकोने भाजीचं विचारलं तर होयबा 'बरी आहे' म्हणू लागला, तेव्हा ती घाबरली आणि त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघू लागली.

शेवटचे पंधरा दिवस त्याने घड्याळजीची दाढीही केली नाही. "आज नको. जाताना एकदाच ताजी करू, लेकीला बरं वाटेल," असं म्हणत तो टाळत राहिला. घड्याळजीला वाटलं, केवढी ही माया. माया होतीच, पण तिच्या पोटात एक डाव होता. गाडी दुपारची होती, दिवसाला एकच. वाढलेली दाढी करायला वेळ लागतो. गाडी एकदा चुकली की उद्या बघू, आणि उद्याचं उद्या.

निघायच्या दिवशी घड्याळजी बॅग घेऊन सलूनमध्ये आला. होयबाने त्याच्या गळ्याभोवती कापड असं काही गुंडाळलं की दोन्ही हात आत गेले आणि मनगटावरचं घड्याळही आत गेलं. भिंतीवरचं घड्याळ त्याने सकाळीच मागे करून ठेवलं होतं. वहिनी दारात उभी राहिली, बाहेरचं ऊन दिसू नये अशा बेताने.

"थंडी पडली म्हणायची," घड्याळजी म्हणाला.

"कडाक्याची," होयबा म्हणाला आणि त्याने पाणी पुन्हा गरम करायला ठेवलं.

एक गाल झाला. मग वस्तरा बोथट वाटला म्हणून त्याने तो पट्ट्यावर घासायला घेतला. मग फेस सुकला म्हणून नवा केला. मग ब्रश सापडेना, तो वहिनीच्या हातात होता. वहिनीने चौकातल्या झाडाचा विषय काढला आणि तो पानापानाने लांबवला. घड्याळजी अधूनमधून भिंतीकडे बघे आणि 'आहे वेळ' म्हणून मान टेकवी. होयबाला मनातून गुदगुल्या होत होत्या.

तेवढ्यात वाऱ्याबरोबर भाजल्या पावाचा वास आत आला. हा पाव रोज ठरलेल्या वेळेलाच भट्टीतून निघे.

घड्याळजीने डोळे उघडले. "वहिनी, दुपारचा पाव निघाला वाटतं?"

"हो, आत्ताच काढला असेल कारागिराने," वहिनी म्हणाली, आणि जीभ चावली.

घड्याळजीने कापडातून एक हात बाहेर काढला. मनगट पाहिलं, भिंत पाहिली, मग दोघांची तोंडं पाहिली.

"ते मागे पडलं असेल," होयबा पुटपुटला.

"माझ्या हातून गेलेलं घड्याळ मागे पडत नाही. कुणीतरी मागे नेतं." घड्याळजी रागावला नव्हता. तो खुर्चीत नीट वळून बसला. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. "तूच सांग आता. मी जावं हेच बरं, ना?"

हीच वेळ होती. वहिनी डोळ्यांनी खुणावत होती, ओठांनी 'नाही म्हणा, नाही म्हणा' करत होती. होयबाने तोंड उघडलं. त्याला खरोखरच 'नाही' म्हणायचं होतं, ते जिभेपर्यंत आलंही होतं. पण समोर खुर्चीत माणूस होता आणि हातात वस्तरा होता.

"हो," तो म्हणाला.

घड्याळजीने एक क्षण त्याच्याकडे बघितलं. मग कापड सोडून फेस पुसला आणि बॅग उचलली.

"अहो, अर्धी दाढी," वहिनी म्हणाली.

"राहू दे तशीच," म्हणत तो बाहेर पडला. रस्त्यावरचे लोक थांबून त्याच्याकडे बघत होते. त्याला गाडी मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आली आणि दारात उभी राहिली. तिने हवेबद्दल काही म्हटलं नाही, त्यामुळे होयबालाही काही म्हणता आलं नाही. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत कुणीच नव्हतं, तरी होयबा बाकावरच बसून राहिला.

चार दिवसांनी फोन वाजला तेव्हा खुर्चीत एक मास्तर होते. होयबाने फोन कान आणि खांदा यांच्यात धरला आणि वस्तरा चालूच ठेवला. घड्याळजीची लेक होती.

"काका, हे काय करून पाठवलंत बाबांना? एक गाल स्वच्छ, दुसऱ्यावर जंगल. इथल्या सलूनमध्ये नेलं तर खुर्चीत बसायला तयार नाहीत. तसेच फिरतात. खिडकीशी बसतात, दरी बघतात, छान आहे म्हणतात, आणि मग बोलतच नाहीत. मी खोली रंगवली, पडदे शिवले." तिचा आवाज जरा ओला झाला. "नवीन जागा आहे, म्हणून असेल. चार दिवसांत रुळतील. हो ना, काका?"

होयबाने मास्तरांच्या गालावरून वस्तरा उचलला. मिटला आणि खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

मास्तर दचकले. त्यांनी त्याच्या तोंडून हा शब्द कधी ऐकला नव्हता.

"नाही, पोरी. तो नाही रुळायचा. तू एवढं मायेने केलंस, तुला वाईट वाटेल, पण ते मी त्याला जे काही सांगितलं ना, दरी आणि ढग, ते सगळं असंच, बोलायचं म्हणून. मला काय माहीत दरी कशी असते. आठ दिवस ठेव त्याला, लाड कर, आणि परत पाठव."

पलीकडे काहीतरी खुडबुडलं आणि दुसराच आवाज आला.

"तिने फोन मोठ्या आवाजावर ठेवलाय," घड्याळजी म्हणाला. "काय रे, हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंस? तोंडावर विचारलं होतं तुला."

"तोंडावर विचारलंस म्हणूनच. समोरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही मला."

"आणि आता?"

"आता तू समोर नाहीस," होयबा म्हणाला. "तेच सहन होत नाहीये."

पलीकडे लेक हळूच काहीतरी म्हणाली, ते नीट ऐकू आलं नाही. मग घड्याळजीने घसा साफ केला.

"रविवारच्या गाडीने येतो," तो म्हणाला.